पैलवानाच्या आजीचा खोकला

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. नवजात बाळांच्या वॉर्डात मी इन्चार्ज सिस्टर होते तेव्हा माझ्या टेबलापाशी आले की शिकाऊ डॉक्टर आपोआप हळू बोलायला लागायचे. बोलायलाच हवं हळू. काचेच्या पेट्यांत हाताच्या पंजाएवढी बाळं झोपलेली, आणि हे शहाणे मोबाइलवर गप्पा छाटणार? माझ्यासमोर तरी नाही.

मग एका हिवाळ्यात त्या वॉर्डात डांग्या खोकला शिरला, आणि माझी रवानगी चादरींच्या खोलीत झाली.

डांग्या खोकला मोठ्या माणसाला झाला तर नुसता चिवट खोकला असतो. महिना-दोन महिने जात नाही, लोक म्हणतात धुळीचा आहे, आणि कामं करत फिरतात. पण आठ-दहा दिवसांच्या बाळाला खोकायचीही ताकद नसते. ते श्वासच घ्यायचं थांबतं. निळं पडतं. आपण पाठ चोळायची, नळी घालायची, आणि ‘घे रे, घे बाबा श्वास’ म्हणत उभं राहायचं. त्या हिवाळ्यात आम्ही असे कितीदा उभे राहिलो त्याला हिशेब नाही. बाकीची सगळी बाळं वाचली. एक गेलं. ते म्हणजे पैलवान.

आमच्याकडे जे सगळ्यात किरकोळ बाळ असेल त्याला सगळ्यात दांडगं नाव मिळतं. हा तर ओंजळीत मावेल एवढा, पण नळीला हात लावला की मूठ आवळून भांडायचा. म्हणून पैलवान. त्याची आई ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर पडून होती, बाप कामावर, आणि आजी रोज काचेबाहेर उभी. नियमाप्रमाणे आत फक्त आई. मी आजीला हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि एक मिनिटभर आत नेलं. हो, नेलं. आजी दाराबाहेर खोकली होती, तेही मी ऐकलं होतं. ती गाद्या-उशा शिवायची, कापसाची भुकटी छातीत बसलेली असते अशा बायकांच्या, मला ते माहीत होतं. मी तिच्या तोंडावर मास्क बांधला आणि नेलं.

बाळ गेल्यावर चौकशी समिती बसली. अध्यक्ष आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे साहेब. समितीला फार डोकं चालवावं लागलं नाही. सिस्टरने नियम मोडला, खोकणारी म्हातारी आत आली, बाळ गेलं. खापर फोडायला दोन डोकी आयती मिळाली. मला चादरींच्या खोलीत बसवलं, आणि पैलवानाच्या आईबापांना साहेबांनी स्वतः आपल्या खोलीत बोलावून, खुर्चीत बसवून, शांतपणे समजावून सांगितलं की संसर्ग आजीकडून आला. साहेब नेहमीच शांतपणे बोलतात.

माझं काय झालं ते सोडा. चादरींच्या खोलीतही माणूस जगतो. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, वॉर्डावॉर्डात पाठवायच्या. पण घडी घालता घालता एकच विचार यायचा. मी आजीला आत नेलं नसतं तर? बाहेरून मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे की माझी काही चूक नाही. आतून मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. आणि त्या आजीला तरी कुठे ठाऊक होतं?

आता आमच्या सूनबाईबद्दल. ती त्याच हॉस्पिटलात डॉक्टर, लहान मुलांच्या साथीच्या रोगांवर संशोधन करते. हॉस्पिटलात मी तिला ‘मॅडम’ म्हणते आणि ती मला ‘सिस्टर’. घरी आल्यावर ती ‘आई, चहा ठेवू का’ म्हणते आणि मी ‘ठेव, पण साखर बघून’ म्हणते. तिची नेमणूक कराराची, दरवर्षी साहेबांच्या सहीने पुढे सरकणारी. अशा बाईने गप्प बसावं की नाही? तर नाही. तिने ठरवलं की त्या हिवाळ्यात आजारी पडलेल्या प्रत्येक बाळाला खोकला नेमका कुणाकडून आला ते शोधायचं आणि छापायचं.

मला वाटलं, चला, सुनेने सासूची बाजू घेतली. मी जेवताना तसं बोलूनही दाखवलं. तिने घास खाली ठेवला.

“आई, तुमच्याकडून आला असेल तर तेही छापीन,” ती म्हणाली.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नका. आमचे चिरंजीव अशा वेळी वर्तमानपत्रात डोकं खुपसतात, तसं त्यांनी खुपसलं. मी तिच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही. चहा ठेवला तर प्यायचे, पण ‘छान झालाय’ म्हणायचे नाही. मग एके दिवशी चादरींच्या घड्या घालताना माझं मलाच समजलं की मला खरं जाणून घ्यायचं असेल तर अशीच बाई हवी. माझी बाजू घेणारी असती तर तिच्या ‘तुम्ही निर्दोष आहात’ला काय किंमत होती? घरी गेले आणि चहा छान झालाय म्हणाले. ती हसली नाही, पण दुसरा कप दिला.

तिने काम कसं केलं तेही ऐका. डॉक्टर, सिस्टर, सफाईवाल्या बाया, बाळांचे आईबाप, आजीआजोबा, सगळ्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. हा जंतू अलीकडे शरीरात येऊन गेला असेल तर रक्तात त्याची खूण राहते. शिवाय खोकला कुणाला कधी सुरू झाला, कोण कुठल्या बाळाजवळ गेलं, हे प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. घरोघर जिने चढली. सासू त्यात अडकलेली, म्हणून बाटल्यांवर नावं न घालता नुसते आकडे घातले आणि कुठला आकडा कुणाचा ते दुसऱ्या विभागातल्या एका डॉक्टरबाईंकडे कुलपात ठेवलं. मला प्रश्नही त्यांनीच विचारले. सूनबाई त्या खोलीत फिरकलीसुद्धा नाही.

सगळ्यांत आधी रक्त कुणी दिलं? साहेबांनी. फोटोवाल्याला बोलावून, बाही वर करून, हसून. सगळ्यांनी पुढे यावं म्हणून.

साहेबांबद्दल मी खोटं बोलणार नाही. फार मोठा डॉक्टर. मीही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्यांची एक पद्धत सगळीकडे प्रसिद्ध होती. ते स्टेथोस्कोप लावून ऐकत नसत. वाकून थेट बाळाच्या छातीला कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, उजव्या बाजूला खाली बिघडलंय. यंत्रं नंतर तेच सांगायची. शिकाऊ पोरं डोळे विस्फारून बघत. मास्क साहेबांना चालत नसे, म्हणत की मास्कमधून माझा आवाज पोरांना कळत नाही. त्या हिवाळ्यात ते खोकत होते का? होते. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण साहेबांचा खोकला हा खोकला असतो असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

आकड्यांमागच्या नावांचं कुलूप उघडलं त्या दिवशी दुपारी सूनबाई चादरींच्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, “आई, तुम्ही नाही. त्या आजीही नाहीत. दोघींच्या रक्तात काहीच नाही.”

हॉस्पिटलात तिने मला ‘आई’ म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मी धुतलेल्या चादरींच्या ढिगावर मटकन बसले आणि रडले. सुनेसमोर, नाक ओढत, पोरीसारखी रडले. लाज वाटली नाही. रडून झाल्यावर मी विचारलं, मग कुणाकडून? ती म्हणाली, ते सांगता येणार नाही. इतकंच सांगते की कर्मचाऱ्यांपैकी कुणीतरी, सगळ्या बाळांना रोज जवळून तपासणारं, आणि खोकला पहिल्या बाळाच्या कितीतरी आधीपासूनचा.

हे काय कोडं होतं? मी नाव घेतलं. तिने वरची चादर उचलून घडी घालायला घेतली.

मग आमचं भांडण झालं. मी म्हणाले, छाप नाव. तो माणूस दुसऱ्याच्या माथी मारून मोकळा झाला, त्याचं नाव ठळक छाप. ती म्हणाली, नाही. प्रत्येकाने माझ्या शब्दावर रक्त दिलंय की नाव बाहेर येणार नाही. तुम्हीही त्याच शब्दावर दिलंत. तुमचं निघालं असतं तर तुमचंही नाव छापलं नसतं. खोकला होणं हा गुन्हा नाही, आई. मी म्हणाले, खोकल्याचं कोण बोलतंय, नंतर जे केलं त्याचं बोलतेय. तरी शब्द तिने मोडला नाही. मी धुसफुसत राहिले. अजूनही त्या बाबतीत मला तिचं पटलेलं नाही.

तिने प्रत्येकाला ज्याचा त्याचा निकाल समक्ष सांगितला. साहेबांकडे दोनदा गेली. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा तिने ‘सर, तुमच्या रक्तात’ एवढं म्हणताच ते म्हणाले, मला अ‍ॅलर्जी आहे, जुनी आहे, माझी तब्येत मला कळते, तू पेपर लिही. आजीकडेही गेली. आजीने ऐकून घेतलं, पण तिचा मुलगा, पैलवानाचा बाप, म्हणाला, तुम्ही कोण? आम्हाला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. तुमच्या सासूची नोकरी अडकलीय म्हणून तुम्ही आलात. सूनबाई तशीच जिना उतरून आली. घरी आल्यावर तिचा चेहरा पाहून त्या दिवशी चहा मी ठेवला.

आता इथे एक रिवाज सांगायला हवा. आमच्या विभागातून कुठलाही संशोधनाचा पेपर बाहेर पडला की लेखकांच्या नावांत शेवटचं नाव साहेबांचं. काम कुणीही करो. शेवटचं नाव म्हणजे मार्गदर्शक. ते पेपर वाचत नसत. राउंड संपवून चहा येईपर्यंत सह्या करायचे. सूनबाईने अख्खा पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, सर, हा वाचून सही करा. ते म्हणाले, तुझ्यावर विश्वास आहे. दुरुस्त्या होऊन आला तेव्हा पुन्हा म्हणाली, सर, हा एक तरी वाचा. ते म्हणाले, चिकाटी आवडली मला तुझी, आणि सही केली. तिसऱ्यांदाही तेच. यात तिची लबाडी कुणाला दिसत असेल तर त्याने माझ्याशी येऊन बोलावं.

पेपर छापून आला तो जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, सगळे विभाग बोलावले, बाहेरचे पाहुणे बोलावले. मला कोण बोलावणार? पण खाण्यापिण्याच्या टेबलांवर घालायला पांढऱ्या चादरी लागतात आणि त्या माझ्याकडे. चादरी अंथरून झाल्यावर मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. हाकलायला आलाच कुणी तर बघून घेतलं असतं.

पेपर सादर कुणी केला? साहेबांनीच. तोही रिवाज. सूनबाई दुसऱ्या रांगेत. पडद्यावरची पानं एका शिकाऊ डॉक्टराने तयार केलेली, पेपरातली मुख्य वाक्यं उचलून घातलेली. साहेब पडद्याकडे बघत वाचायचे आणि मग श्रोत्यांकडे वळून समजावून सांगायचे. आवाज छान लागला होता. घरी संसर्ग झालेली बाळं किती, वॉर्डात किती, कुणाकडून, कसा, सगळं रंगवून सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग पुढचं पान आलं.

साहेबांनी वाचलं, “वॉर्डातील बाळांना झालेला संसर्ग भेटीस आलेल्या नातेवाइकांकडून झालेला नाही.”

इथे त्यांचा आवाज जरा अडखळला, पण सवयीने पुढे गेला. “सर्वांत आधी खोकला सुरू झालेली व्यक्ती कर्मचाऱ्यांपैकी असून, ती मास्क न वापरता, चेहरा बाळाच्या अगदी जवळ नेऊन, रोज...”

आणि थांबले.

पडद्यावर वाक्य पूर्ण होतं. सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी ते पूर्ण केलं असतं आणि पान उलटलं असतं तर बाहेरच्या पाहुण्यांना काही कळलंही नसतं. पण ते थांबले, पडद्याकडे बघत राहिले, आणि नकळत त्यांचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. आमच्या विभागाची माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. नाव छाप म्हणून मी सुनेशी भांडले होते. कशाला छापायला हवं होतं?

शेवटी कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला, साहेब म्हणाले की उरलेलं चर्चेत बोलू, आणि चर्चा झालीच नाही. चादरींवरचं खाणं बरंचसं तसंच उरलं.

मी थांबले नाही. सूनबाईच्या हातातली छापील प्रत काढून घेतली आणि थेट पैलवानाच्या घरी गेले. लोखंडी जिना, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन, कापसाची पोती, आणि मशीनवर आजी. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. मला वाटलं कापसासाठी बांधलं असेल. पण मशीन थांबवून ती पाणी आणायला उठली, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली, तरी फडकं तोंडावरच. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड तान्हं बाळ रडत होतं. त्या घरी नवीन मुलगी झाली होती. आजी पडद्याच्या अलीकडे राहायची. हे मला कुणी सांगितलं नाही, ती पडद्याला वळसा घालून ज्या तऱ्हेने चालली त्यावरूनच दिसलं.

मुलगा घरी होता. मला ओळखलं आणि चेहरा कडक केला. मी त्याच्या हातात प्रत दिली. म्हणाले, इंग्रजीत आहे, ही वाक्यं वाचा, आणि नाही कळली तर विचारा. त्याने वाचली. परत वाचली. मग पहिल्या पानावर गेला, नावांवरून बोट फिरवत शेवटच्या नावापाशी थांबला.

“हे तर तेच डॉक्टर,” तो म्हणाला. “ज्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं होतं.”

“तेच,” मी म्हणाले.

“मग आता तेच म्हणतात की आईकडून नाही?”

“तेच म्हणतात. सही आहे त्यांची.”

तो खाली बसला. पडद्याआड सगळं ऐकू गेलं होतं. पैलवानाची आई बाळाला घेऊन बाहेर आली आणि दारातच बराच वेळ उभी राहिली. तिला किती जड जात असेल ते मला दिसत होतं. इतके दिवस राग एका जागी ठेवलेला, तो तिथून उचलून कुठे ठेवायचा? मग ती सासूजवळ गेली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आजीने आधी हात लांब धरले. मग एक हात बाळाच्या डोक्याखाली घातला आणि दुसऱ्याने तोंडावरचं फडकं सोडायला लागली. गाठ सुटेना. मी सोडली.

जरा वेळाने आजीने मला विचारलं, मग कुणाचा होता खोकला? मी म्हणाले, ते सांगता येत नाही, आजी. तसा नियम आहे.

आजी बाळाकडे बघत म्हणाली, “माझं बरं सांगता आलं तुम्हाला.”

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. सुनेने दिलेली सगळी कारणं मला पाठ होती, त्यातलं एकही त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं. मी तशीच उठले. आजीने मला थांबा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. सूनबाईला आणि मलाही. त्यांची खोली मोठी, भिंतीवर मानपत्रं, टेबलावर काच, काचेखाली बऱ्या होऊन गेलेल्या मुलांचे फोटो. ते फोटो खोटे नव्हते, हेही मला सांगायला हवं. साहेबांचा चेहरा रात्रभर झोप न झाल्यासारखा होता. पण बोलले शांतपणेच.

म्हणाले, पेपरात काही तपशील पुन्हा तपासायला हवेत. तोपर्यंत पेपर मागे घ्यायचा. तसं पत्र जायला हवं आणि त्यावर पहिल्या लेखिकेची सही हवी. सूनबाई म्हणाली, सर, त्यात चूक काय आहे ते दाखवा, आत्ता सही करते. साहेबांनी काचेवरचं पेन तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, तुमचं नाव काढायचं असेल तर काढता येईल, पण नियतकालिकवाले कारण विचारतील आणि छापतील. मग साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“सिस्टर, तुमच्यावर अन्याय झाला, हे मी मान्य करतो. उद्यापासून तुम्ही तुमच्या वॉर्डात या. इन्चार्ज म्हणून. आजच ऑर्डर काढतो,” ते म्हणाले. “फक्त हिला समजवा. तुम्ही सासू आहात. तुमचं ऐकेल.”

माझ्या मनाचं काय झालं ते लपवणार नाही. मन केव्हाच त्या वॉर्डात पोचलं. काचेच्या पेट्या, त्यांची ऊब, हात धुवायचं बेसिन, माझं टेबल. मला तो वॉर्ड हवा होता. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, मुद्दाम. मी काय बोलते यावर तिने डोळ्यांनीसुद्धा वजन टाकलं नाही.

“साहेब,” मी म्हणाले, “काल मी पैलवानाच्या घरी गेले होते. त्यांना मुलगी झालीय. काल पहिल्यांदा आजीच्या मांडीवर ठेवली त्यांनी. तुमचं नाव वाचून ठेवली. माझं नाही, हिचंही नाही. तुमचं. आता पेपर मागे घेतलात तर कुणालातरी तिथे जाऊन ते बाळ म्हातारीच्या मांडीवरून परत उचलावं लागेल. मला जमायचं नाही. वॉर्ड दिलात तरी जमायचं नाही.”

साहेब टेबलाच्या काचेकडे बघत होते. मग सूनबाईला म्हणाले, तुझा करार या वर्षी संपतो, माहीत आहे ना.

“माहीत आहे, सर,” ती म्हणाली. “मुलं दुसरीकडेही खोकतात.”

अशी पोरगी माझ्या घरात राहते. मला इतका अभिमान वाटला की मी साहेबांसमोर मोठ्याने हसले, आणि हसल्याचं मला वाईट वाटलं नाही. आम्ही दोघी उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा साहेबांनी मागून विचारलं. आवाज नेहमीसारखा नव्हता, पहिल्यांदाच नव्हता.

“सिस्टर, त्यांना माझं नाव सांगितलंत?”

“नाही,” मी म्हणाले. “आजी विचारत होत्या. मी नियमाला बांधलेली आहे, तुम्ही नाही.”

मी परत आत गेले, त्यांच्याच पॅडवर त्या घराचा पत्ता लिहिला, लोखंडी जिना वरच्या मजल्याला जातो हेही लिहिलं, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवून माझ्या चादरींकडे गेले.